चुकणाऱ्या यंत्राची गोष्ट

क्वांटम कॉम्प्युटिंगवरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या पॅरात फाइनमन आणि दुसऱ्या पॅरात 'एकाच वेळी ० आणि १' हे असतंच. त्यात चुकीचं काही नाही. निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असेल तर त्याची नक्कल करणारं यंत्रही त्याच नियमांवर चालायला हवं, हे फाइनमनने १९८१ साली मांडलं होतं. पण मला विचाराल तर या इतिहासातला खरा थरार १९९४ ते १९९६ या काळात आहे, आणि तो वेगाचा नाही, चुकांचा आहे. वीकेंड आहे, चहा घेऊन बसा.

१९९४ च्या एप्रिलमधे बेल लॅब्समधल्या पीटर शॉरने 'डिस्क्रीट लॉगरिदम' नावाच्या गणितावर एक भाषण दिलं. क्वांटम कॉम्प्युटर ते झटकन सोडवेल, असं त्याने दाखवलं होतं. त्याच आठवड्याच्या शेवटी बर्कलीहून उमेश वझिरानीचा फोन आला: तू म्हणे मोठ्या संख्यांचे मूळ अवयव पाडू शकतोस? भाषणात अवयवांचा विषयच नव्हता, बातमी कानोकानी फिरताना बदलली होती. गंमत म्हणजे मधल्या चार-पाच दिवसांत शॉरने तेही सोडवलेलं होतं! (ही आठवण त्यानेच सांगितली आहे.)

इथे आपण सगळेच दचकायला हवं. आरएसए एन्क्रिप्शनची सगळी भिस्त 'मोठ्या संख्येचे अवयव पाडणं महाकठीण असतं' या एका गोष्टीवर आहे.

पण जाणकार फारसे घाबरले नाहीत. आयबीएमचा रोल्फ लँडाउअर तर म्हणायचा की या विषयावरच्या प्रत्येक पेपरखाली 'हे बहुधा चालणार नाही' अशा अर्थाची तळटीप टाका. ज्याला पुढे २०१२ साली नोबेल मिळालं त्या सर्ज हारोशनेही १९९६ मधे एका सहकाऱ्याबरोबर लेख लिहून 'हे स्वप्न की दुःस्वप्न?' असं विचारलं होतं. हे लोक काही हेकट नव्हते. क्युबिट इतका नाजूक असतो की जराशी उष्णता, कुठलं तरी भटकं चुंबकीय क्षेत्र, आणि आतली माहिती गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग एरर करेक्शन लावा ना! डेटाच्या तीन प्रती ठेवा, एक बिघडली तर बहुमत घ्या. सर्व्हररूममधे आपण दुसरं काय करतो? पण इथे दोन्ही दारं बंद. अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपी करता येत नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झालं होतं. आणि बिघाड शोधायला क्युबिटमधे डोकावलं, की मोजण्यानेच अवस्था मोडते. म्हंजे बॅकअप नाही, लॉग नाही, डीबगरही नाही. कोण घेईल असल्या सिस्टिमचा सपोर्ट? :-)

हे कोडं १९९५ साली पुन्हा शॉरनेच सोडवलं. कॉपी करायचीच नाही. एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांमधे अशी गुंफायची की ती कुठल्याच एकात नसेल. आणि 'तुझ्यात काय आहे?' असं कुणालाच विचारायचं नाही. 'तुम्ही दोघं सारखे आहात का?' एवढंच विचारायचं. आपली पॅरिटी चेक ती हीच. चूक कुठे झाली ते कळतं, डेटा काय होता ते कळत नाही, त्यामुळे तो मोडतही नाही. मला हा विचार शॉरच्या मूळ अल्गोरिदमपेक्षाही देखणा वाटतो.

त्यानंतर एक-दोन वर्षांतच दुसऱ्यांनी सिद्ध केलं की प्रत्येक क्रियेमागे चुकांचं प्रमाण एका उंबरठ्याखाली असेल, तर क्युबिट वाढवत चूक हवी तितकी कमी करता येते. उंबरठ्याच्या वर असाल तर मात्र क्युबिट वाढवले की गोंधळ वाढतो. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकल्यासारखं.

हा उंबरठा ओलांडायला हार्डवेअरवाल्यांना जवळपास तीस वर्षं लागली. २००१ मधे आयबीएम आणि स्टॅनफर्डच्या गटाने ७ क्युबिटांवर १५ चे अवयव पाडले, ३ आणि ५. (हसू नका.) २०१९ मधे गूगलच्या ५३ क्युबिटांच्या यंत्राचा खूप गाजावाजा झाला, पण त्यात चुका दुरुस्त होत नव्हत्या. ते झालं डिसेंबर २०२४ मधे, गूगलच्याच विलो चिपवर. क्युबिटांची जाळी ३ बाय ३ वरून ५ बाय ५, मग ७ बाय ७ केली आणि दर वेळी चूक निम्म्याहून थोडी कमी झाली. अर्थात १०१ खरे क्युबिट खर्ची घालून टिकाऊ क्युबिट मिळाला एकच, आणि त्यानेही फक्त माहिती जपून ठेवली.

मग आरएसए सुरक्षित आहे का? २०४८ बिटांची किल्ली फोडायला २०१९ चा अंदाज होता २ कोटी क्युबिट आणि ८ तास. मे २०२५ मधे त्यातल्याच एका संशोधकाचा नवा अंदाज आला: १० लाखांपेक्षा कमी क्युबिट, एका आठवड्याहून कमी वेळ. दोन्हीत क्युबिटचा दर्जा तोच धरलाय. वीसपट घट आली ती अल्गोरिदम आणि एरर करेक्शन सुधारल्यामुळे. म्हणजे आपल्या जातकुळीच्या कामामुळे! आणि आज चोरून साठवलेला डेटा दहा वर्षांनी उघडता येईल, हा धोका आहेच. म्हणून तर अमेरिकेच्या निस्टने ऑगस्ट २०२४ मधे नव्या क्रिप्टोग्राफीची पहिली तीन मानकं जाहीर केली.

'यात शिकण्यासारखं काय आहे?' असं मित्र विचारतात. भारताचं ६००३.६५ कोटींचं क्वांटम मिशन २०२३ मधे मंजूर झालं. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, पुण्याच्या आयसरमधेही या विषयावर काम चालतं. ज्याला पूर्णवेळ उडी मारायची आहे त्याने तिकडे बघावं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने महागड्या सर्टिफिकेटच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत. फर्स्ट इयरचे मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स नंबर आठवत असतील तर किस्किट फुकट आहे, आणि १६ जीबी मेमरीत साधारण २९ क्युबिटांची पूर्ण अवस्था मावते. (पुढच्या प्रत्येक क्युबिटला मेमरी दुप्पट, हे स्वतः मोजून बघा.)

सुरुवात तीन क्युबिटांच्या कोडने करा. एका क्युबिटवर मुद्दाम एक्स एरर टाका, म्हणजे ० चा १. दोन पॅरिटी तपासण्या बिघडलेल्या क्युबिटकडे बरोबर बोट दाखवतील. मग एक्सच्या जागी झेड एरर टाका, ज्यात ० आणि १ तसेच राहतात पण त्यांच्यातलं चिन्ह उलटतं. दोन्ही तपासण्या 'सगळं ठीक आहे' म्हणतील आणि माहिती मात्र बिघडलेली असेल. शॉरला तीनवर न थांबता नऊपर्यंत का जावं लागलं, ते तिथे दिसतं.