झाकण उघडून शिकलेली विद्या

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. रोज तिथून जाणाऱ्या गाड्या त्याच्याकडे बघायला थांबत नाहीत, पण त्या कॅमेऱ्याची गोष्ट मोठी मजेची आहे. आनंदराव आणि बाबूराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा आणि विलायती कॅमेऱ्याला पैसा हवा. हाती होता एक जुना प्रोजेक्टर. त्यांनी तोच उघडून बघितला. कॅमेरा आणि प्रोजेक्टर तसे सख्खे भाऊ. दोघांतही फिल्म एकेका चौकटीनं पुढं सरकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सरकते. एक प्रकाश बाहेर फेकतो, दुसरा आत घेतो, एवढाच फरक. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम तडीला नेलं. १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

दुसऱ्यानं केलेली वस्तू उघडायची, कुठला भाग काय करतो ते बघायचं आणि त्यातला एखादा बदलून आपलं काम साधायचं. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत कित्येक हात याच रीतीनं तयार झाले. आज मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी जगभर हीच रीत वापरली जाते. तिचं नाव आहे ‘मॉडिंग’. कोऱ्या पडद्यावर पहिली ओळ लिहायला सांगण्याऐवजी मुलाच्या हाती चालता गेम द्यायचा आणि म्हणायचं, आता यात काहीतरी बदल कर.

खेळात बदल करणं मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. पेठेतल्या बोळात क्रिकेट लॉर्ड्सच्या नियमांनी कधीच चाललं नाही. तिथं एक टप्पा आऊट, शेजाऱ्याच्या अंगणात चेंडू गेला की आऊट, आणि ज्यानं मारला त्यानंच तो आणायचा. जागा अरुंद म्हणून नियम बदलला. ‘अमुक झालं तर तमुक’ ही प्रोग्रॅमिंगमधली अट इथं चेंडू-फळीनं मांडलेली असते.

संगणकावरच्या खेळांत ही सोय आली ती बेसिक भाषेमुळं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ साली ती तयार केली. या भाषेत प्रत्येक ओळीला क्रमांक असे आणि लिहिणारे १०, २०, ३० अशी जागा सोडत जात. उद्या काही सुचलं तर मध्ये १५ क्रमांकाची ओळ घुसवता येई. डेव्हिड आल यांनी १९७३ साली अशा १०१ खेळांचं पुस्तक काढलं. पुस्तकात छापलेल्या ओळी मुलं हातानं टाइप करत. टाइप करताना चुका होत, चुका शोधताना गेम कळे आणि कळला की त्यात हात घालावासा वाटे. त्यातला चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ मुळात जिम स्टोरर नावाच्या शाळकरी मुलानं १९६९ साली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी लिहिलेला. त्यात गुरुत्वाकर्षण म्हणजे नुसता एक आकडा. तो वाढवला की यान दगडासारखं आपटे. ‘व्हेरिएबल’ या शब्दाची व्याख्या पाठ करण्याआधीच तो हाताला लागलेला असे.

भारतातल्या शाळांत संगणक पोचला तो १९८४-८५ मध्ये, ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून. सुमारे अडीचशे शाळांपासून सुरुवात झाली आणि यंत्र होतं ब्रिटनचं बीबीसी मायक्रो. ते सुरू करताच समोर बेसिक हजर. ‘लिस्ट’ असा हुकूम दिला की चालू प्रोग्रॅमची आतली प्रत्येक ओळ पडद्यावर उतरे. झाकणाला स्क्रू जवळजवळ नव्हतेच.

पुढच्या काळात ते आवळले गेले. विंडोज आलं, गेम सीडीवर आले आणि शाळेतला संगणकाचा तास टायपिंग, पेंटमधलं चित्र आणि ‘सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू’ या वाक्यापाशी येऊन थांबला. खेळ बनवणाऱ्या काही मंडळींनी मात्र दार मुद्दाम किलकिलं ठेवलं. १९९३ च्या ‘डूम’मध्ये नकाशे आणि चित्रं मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलीत होती, म्हणून खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे घालता आले. ‘हाफ-लाइफ’ या गेममध्ये बदल करून मिन ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा केला. मिन ली तेव्हा कॅनडात विद्यार्थी होता.

भारतीय पोरांच्या हाती हे दार लागलं ते क्रिकेटमधून. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ हा गेम २००६ च्या अखेरीस आला आणि कंपनीनं ती मालिका तिथंच थांबवली. दीड वर्षातच आयपीएल सुरू झालं. गेममध्ये ना नवे संघ होते, ना नव्या जर्सी. मग चाहत्यांनीच पॅच तयार केले. खेळाडूंच्या याद्या बदलल्या, जर्सी रंगवल्या, मैदानं घातली. यात खरं प्रोग्रॅमिंग थोडंच होतं. पण फाइल कुठं असते, मूळ प्रत आधी बाजूला का ठेवायची आणि एका चुकीच्या नावानं अख्खा गेम का बंद पडतो, हे धडे पाठ्यपुस्तकाविना गिरवले गेले.

तर्काचा भाग शाळकरी मुलांपर्यंत नेला तो ‘स्क्रॅच’ या प्रोग्रॅमिंग भाषेनं. एमआयटीत मिचेल रेझनिक यांच्या गटानं ती २००७ मध्ये खुली केली. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, स्पेलिंगची चूक होण्याचा प्रश्नच नाही. त्याच वर्षी कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर मूळ प्रोग्रॅम दाखवण्यासाठी वेगळी कळच होती. मुंबईच्या आयआयटीत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकारातून ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय पुस्तकमाला आली आणि तिच्यात स्क्रॅचला जागा मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं माध्यमिक टप्प्यापूर्वीच कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितलं. शेजारच्या गोव्यानं पुढच्याच वर्षी शाळांसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आणली.

वर्गात मॉडिंग कसं चालतं? समजा, चेंडू फळीवर आपटून परत येणारा साधा गेम मुलांपुढं आहे. पहिल्या दिवशी फळीच्या जागी बॅट आणि मागं रंकाळ्याचा फोटो. हे नुसतं सजवणं झालं. दुसऱ्या दिवशी चेंडूचा वेग दहाचा वीस केला की गेम खेळताच येत नाही, मग पंधरा करून बघायचा. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी वाटतं, चेंडू खाली पडला की गुण कमी व्हावेत. आता अट हवी. गुण उणे पाचवर जातात तेव्हा वर्ग हसतो आणि दुसऱ्या अटीची गरज कुणी सांगावी लागत नाही.

स्क्रॅचवर दुसऱ्याच्या गेममध्ये ‘आत बघा’ असं बटण असतं. आत जाऊन बदल केला की त्याला ‘रिमिक्स’ म्हणतात आणि नव्या गेमच्या पानावर मूळ कर्त्याचं नाव आपोआप येतं. पैलवान आपल्या तालमीचं आणि वस्तादाचं नाव सांगतो तसंच हे. कॅमेऱ्याच्या त्या गोष्टीचाही असाच रिमिक्स झाला. बाबूरावांच्या कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम १९२९ मध्ये तिथून बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्ण्यांना सोबत घेतलं आणि १ जूनला त्यांनी ‘प्रभात’ काढली. तिचा पहिला स्टुडिओ कोल्हापुरातच होता. पुण्याला ती गेली चार वर्षांनी.