सागरतळीच्या चिमुकल्या कवचधाऱ्यांची ओळख

कोळंबी, खेकडा आणि जवळा ही कवचधारी प्राण्यांची परिचित उदाहरणे होत. याच वर्गातील, परंतु बहुधा काही मिलिमीटरच लांबीचे असंख्य जीव खोल समुद्राच्या तळावरील गाळात राहतात. अॅम्फिपॉड, आयसोपॉड आणि टॅनेइड हे त्यांतील प्रमुख गट. मृत जीवांचे अवशेष खाऊन त्यांपैकी अनेक जण तळाची सफाई करतात आणि स्वतः माशांचे अन्न बनतात. यांतील बहुसंख्य प्रजातींना अद्याप नावही मिळालेले नाही.

नव्या प्रजातीची ओळख पटवण्याचा जुना मार्ग शरीररचनेचा आहे. तळावरून आणलेला गाळ बारीक चाळणीतून धुऊन जीव वेगळे केले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक सुयांनी त्यांचे जबडे, शृंगिका आणि पाय एकेक करून सुटे केले जातात व काचपट्टीवर ठेवून त्यांची रेखाचित्रे काढली जातात. अॅम्फिपॉडच्या धडाला पायांच्या सात जोड्या असतात. त्यांपैकी पहिल्या दोन बहुधा पकडीसारख्या असतात. या पकडींचा आकार, जबड्यावरील दात, शेपटीकडील उपांगांवरील काटे व केस यांतील फरकांवरून प्रजाती ठरते. एका जीवाचे असे विच्छेदन कित्येक तास चालते.

मात्र हा मार्ग एकटा पुरेसा नाही. वयाप्रमाणे प्राण्याचे रूप बदलते. काही टॅनेइडांमध्ये नर व मादी इतके भिन्न दिसतात की, ते एकाच प्रजातीचे आहेत हे रचनेवरून कळत नाही. उलट काही भिन्न प्रजाती बाहेरून हुबेहूब सारख्या असतात. अॅम्फिपॉडची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवते आणि त्यांतून पूर्ण रूपाची पिले बाहेर येतात. प्रवाहाबरोबर दूरवर वाहून जाणाऱ्या अळीची अवस्था त्यांच्यात नसते. त्यामुळे दूरदूरचे समूह एकमेकांपासून तुटतात आणि रूप फारसे न बदलताही कालांतराने वेगळ्या प्रजाती बनू शकतात.

येथे आनुवंशिकी मदतीस येते. २००३ मध्ये कॅनडातील गुएल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डीएनए बारकोड'ची कल्पना मांडली. पेशीतील तंतुकणिकांमध्ये असलेल्या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून प्राणी ओळखता येतो, असे त्यांनी दाखवले. त्यासाठी नमुने फॉर्मेलिनऐवजी तीव्र अल्कोहोलमध्ये व थंड ठेवावे लागतात, कारण फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. संग्रहालयांतील अनेक जुन्या नमुन्यांची जनुके त्यामुळेच वाचता येत नाहीत.

या दोन मार्गांच्या संगमाचे ठळक उदाहरण म्हणजे 'युरिथेनिस ग्रायलस'. अॅम्फिपॉडांत आकाराने मोठा असलेला हा प्राणी १८२२ मध्ये वर्णिला गेला आणि जगभरच्या खोल समुद्रात राहणारी ती एकच प्रजाती असल्याचे दीर्घकाळ मानले जात होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या एका नावाखाली प्रजातीच्या दर्जाचे नऊ वंशसमूह आढळले. नंतर याच गटात नव्या प्रजातींचे रीतसर वर्णन होत गेले. २०२० मध्ये मारियाना गर्तेत सहा ते सात हजार मीटर खोलीवर मिळालेल्या प्रजातीस 'युरिथेनिस प्लॅस्टिकस' हे नाव मिळाले. तिच्या एका नमुन्याच्या आतड्यात पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकशी मिळताजुळता तंतू सापडला होता.

तरीही केवळ जनुकांवरून निवाडा देणे धोक्याचे ठरते. जनुकांत किती फरक असला म्हणजे प्रजाती वेगळी, याचा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. म्हणून जनुकांनी दाखवलेली सीमा रचनेतही दिसते का, हे पुन्हा तपासले जाते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध करून तिचा प्रमाण नमुना निश्चित करावा लागतो. तो सहसा संग्रहालयात जतन केला जातो आणि पुढील प्रत्येक संशोधकास पडताळणीसाठी उपलब्ध राहतो.

या नामकरणाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. पॅसिफिक महासागरातील क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्टयुक्त धातुगोट्यांच्या उत्खननाचे बेत आहेत. तेथे बहुपेशी प्राण्यांच्या पाच हजारांहून अधिक प्रजाती असल्याची नोंद २०२३ मध्ये झाली. त्यांतील सुमारे नव्वद टक्के अनामिक होत्या. भारतानेही २००२ मध्ये मध्य हिंदी महासागरातील अशा गोट्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार केला. हे क्षेत्र ७५ हजार चौरस किलोमीटरचे असून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तेथील तळाचा व जीवसृष्टीचा अभ्यास केला आहे. धातुगोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतात. एकदा उचलले की त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांचे घर परत येत नाही. एखादी प्रजाती एकाच पट्ट्यात राहते की महासागरभर पसरली आहे, हे कळल्याशिवाय हानीचे मोजमाप अशक्य आहे, आणि ते कळण्याची पहिली पायरी म्हणजे तिची अचूक ओळख होय.