सोन्याची तांबडी रेघ

नॅनो म्हटलं की आपल्याला काहीतरी उद्याचं, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतलं वाटतं. पण गडचिरोलीतल्या आशाताईंच्या पिशवीत ते कधीचंच आहे. हिवतापाची तपासणी पट्टी! बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग जी तांबडी रेघ उमटते, ती बहुधा सोन्याची असते.

सोनं तांबडं कसं? 1857 साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी याचा शोध घेतला. सोन्याचे कण अतिशय बारीक झाले, की पिवळेपणा जातो आणि ते मिसळलेलं पाणी माणकासारखं लाल दिसतं. रोगनिदान त्यांच्या प्रयोगात कुठेच नव्हतं. पुढे 1971 मध्ये फॉक आणि टेलर यांनी अशा कणांवर प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, चिकटवली आणि कण आपलं सावज ओळखू लागले. पट्टीवर ठरावीक जागी असे असंख्य कण अडकले, की रेघ दिसते. एकेक कण साधारण 40 नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

हिवतापाचा जंतू विषाणू नव्हे, परजीवी. पण युक्ती तीच. जून 2020 मध्ये आयसीएमआरने करोनाच्या जलद चाचणीला मान्यता दिली, मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरी करायच्या चाचणीला. सोन्याच्या नॅनोकणांनी उपचार करणं मात्र अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमचं लक्ष न उमटलेल्या रेघेकडे जातं. कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही. पण अट अशी, की असता तर तो दिसलाच असता. अंधारात न दिसलेल्या घड्याबद्दल काही सांगता येत नाही. पट्टीवरची दुसरी, नियंत्रण रेघ आपल्याला एवढंच सांगते, की दिवा लागलेला आहे. विषाणू थोडे असतील, तर दिवा असूनही ते दिसत नाहीत. म्हणून तर नियम होता, की लक्षणं आहेत आणि रेघ नाही, अशा माणसाची आरटीपीसीआर करावी.

शहरात हे सोपं. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, नमुना बाहेर जाणार कसा? मग तापलेल्या माणसाला आशाताईंनी काय सांगायचं? ‘तुला करोना नाही’, की ‘पट्टीला दिसला नाही’? माडियात हा फरक कसा बोलायचा, ते त्यांनाच ठाऊक. त्या माणसाला तर एवढंच विचारायचं असतं, की आज रात्री म्हाताऱ्या आईजवळ झोपू का? आमच्या मते खरं उत्तर दुसरंच, आणि ते दिलं की पुढचंही सांगावं लागतं: रेघ नसली, तरी चार दिवस पडवीत झोप.