निळ्या त्रिकोणाचा इतिहास

मंडळी, रेसिंगच्या किंवा रॅलीच्या गाडीचा फोटो पाहिला असेल तर पुढच्या काचेच्या खालच्या कडेला एक छोटं स्टिकर दिसलं असेल. निळा त्रिकोण, पांढरी किनार आणि मध्ये लाल रंगाची वीज. बहुतेकांना वाटतं कुठल्यातरी कंपनीची जाहिरात असेल. नाशिकच्या 'रॅली ऑफ महाराष्ट्र'सारख्या स्पर्धा बघायला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांनी त्या गाड्यांशेजारी सेल्फी काढले असतील, पण या त्रिकोणाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

त्या त्रिकोणाखाली बॅटरी तोडणारा स्विच किंवा त्याची ओढायची दोरी असते. आपल्या भाषेत गाडीचा मेन स्विच. घरात शॉर्टसर्किट झालं की आपण धावत जाऊन मेन पाडतो, तसाच. एवढ्याशा वस्तूमागे इतिहास मोठा आहे आणि तो बऱ्यापैकी रक्ताने लिहिलेला आहे. म्हणून आज जरा लांबण लावतो.

सुरुवात अगदी जुन्या काळापासून करू. पहिल्या मोटारींना बॅटरीचं फारसं कामच नव्हतं. हँडल मारून इंजिन चालू करायचं आणि ठिणगी मॅग्नेटो द्यायचा. मॅग्नेटोची वायर बॉडीला टेकवली की इंजिन बंद. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडलची कटकट संपली. पण स्टार्टर फिरवायला दमदार बॅटरी लागते. म्हणजे गाडीत पेट्रोलच्या टाकीसोबत आता विजेचं भांडारही आलं. पुढे १९६० च्या व्हॅलियंट गाडीपासून क्रायस्लरने डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवायला घेतला. हळूहळू सगळ्यांनीच तो घेतला. पेट्रोल आणि वीज एकाच पत्र्याच्या डब्यात. साध्या रस्त्यावर हे चाललं. ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत मात्र ते महागात पडलं.

१२ जून १९६६. बेल्जियममधलं स्पा-फ्रँकोरशाँ. शर्यतीच्या पहिल्याच फेरीत पाऊस कोसळला आणि एकामागून एक गाड्या घसरल्या. स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट ताशी २६० च्या पुढे असताना रस्ता सोडून गेला. खांबाला धडकून त्याची गाडी एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. स्टिअरिंगखाली पाय अडकलेला, टाक्या फुटलेल्या आणि सगळं पेट्रोल त्याच्या अंगावर. आसपास ना मदतनीस, ना अवजारं. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँडुरंट हे दोघे शर्यतीतलेच ड्रायव्हर धावत आले. स्टिअरिंग खोलायला पाना हवा होता, तो एका प्रेक्षकाच्या टूलकिटमधून मागून आणला. जवळपास २५ मिनिटं हा माणूस पेट्रोलमध्ये भिजत पडला होता.

आता विचार करा. त्या २५ मिनिटांत एखादी तुटकी वायर पत्र्याला टेकली असती तर? एक ठिणगी पुरली असती.

स्टुअर्ट वाचला. पुढे तो तीनदा जगज्जेता झाला, पण सुरक्षेसाठी त्याने जी भांडणं केली ती त्या तीन किताबांपेक्षा मोठी मानली जातात. ड्रायव्हरच्या पट्ट्यांपासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी तो आयोजकांच्या मागे लागला. लोकांनी त्याला भित्रा म्हटलं. मोठ्या शर्यतींतल्या गाड्यांना आज काढता येणारं स्टिअरिंग आणि मेन स्विच असतो, त्या दोन्ही गोष्टींचा माग या अपघातापर्यंत जातो.

बाकीचे इतके नशीबवान नव्हते. मे १९६७ मध्ये मोनॅकोला लोरेंझो बँडिनी भाजला आणि तीन दिवसांनी गेला. १९६८ मध्ये रुआँला जो श्लेसर, १९७० मध्ये झँडव्हूर्टला पिअर्स करेज. १९७१ च्या ऑक्टोबरात ब्रँड्स हॅचला जो सिफर्ट. चौघांच्याही गाड्या पेटल्या आणि चौघंही गेले. सिफर्टच्या चौकशीत निघालं की धडकेने तो मेलाच नव्हता, धुराने गुदमरला. त्यानंतर गाडीतच आग विझवणारी यंत्रणा ठेवणं सक्तीचं झालं.

स्पोर्ट्सकारची गोष्ट आणखी वेगळी. फॉर्म्युला गाडी दोनेक तास पळते. ल माँसारख्या शर्यतीत स्पोर्ट्सकार चोवीस तास पळते, रात्रीसुद्धा. हेडलाइट, वायपर, स्टार्टर सगळं गाडीतच, त्यामुळे बॅटरी आणि वायरिंगही दणकट. शिवाय तिथे एक खुळी परंपरा होती. ड्रायव्हर रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, झेंडा पडला की धावत गाडीत शिरायचे आणि निघायचे. घाईत पट्टा कोण लावणार? १९६९ साली जॅकी इक्सने याचा निषेध म्हणून धावायचं नाकारलं. तो चालत गेला, शांतपणे पट्टा लावला आणि सगळ्यात शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा ड्रायव्हर पोर्शे ९१७ मध्ये मेला. त्याच्या गाडीची तुटलेली टाकी मागून येणाऱ्या ख्रिस एमनच्या फेरारीखाली गेली आणि तीही पेटली. एमन बचावला. आणि शर्यत कोणी जिंकली? शेवटी निघालेल्या इक्सने. पुढच्या वर्षी धावत सुटायची पद्धत बंद झाली.

१० जानेवारी १९७१ ला ब्यूनोस आयर्सच्या शर्यतीत इंधन संपलेली मात्रा गाडी तिचा ड्रायव्हर ढकलत नेत होता. इग्नाझियो जुंटीची फेरारी तिच्यावर आदळली आणि पेटली. जुंटी गेला.

आणि मग २९ जुलै १९७३. झँडव्हूर्टला रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. तो आत अडकला होता. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या ड्रायव्हरने स्वतःची शर्यत सोडली, धावत येऊन एकट्याने ती गाडी सरळ करायचा प्रयत्न केला. मदतनीस उभे होते, पण त्यांच्याकडे आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते. विल्यमसन गेला. पर्लीला शौर्यासाठी जॉर्ज मेडल मिळालं. १९७६ ला नूरबर्गरिंगमध्ये निकी लाउडा जळत्या गाडीत अडकला, तेव्हा त्यालाही बाहेर काढलं ते मागून आलेल्या ड्रायव्हरांनीच.

ही नावं एवढ्यासाठी सांगितली की सगळीकडे एकच गोष्ट दिसते. आत अडकलेल्या माणसाचं आयुष्य बाहेरून धावत आलेल्या माणसाच्या हातात असतं. त्या बाहेरच्या माणसाला गाडीची काही माहिती नसते. त्याने ती गाडी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेली असते.

म्हणून जागतिक मोटारस्पर्धा संघटनेचा, म्हणजे एफआयएचा नियम वाचण्यासारखा आहे. मुख्य स्विचने सगळे सर्किट तोडले पाहिजेत. बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, हॉर्न, इग्निशन सगळंच, आणि चालू इंजिनही बंद पडलं पाहिजे. स्विच ठिणगी न पाडणारा हवा. तो गाडीच्या आतूनही चालला पाहिजे आणि बाहेरूनही. बंद गाडीत बाहेरची कळ पुढच्या काचेच्या खालच्या बाजूला. आणि खूण? निळा त्रिकोण, पाया किमान १२ सेंटीमीटर, पांढरी किनार, लाल वीज. भाषा कुठलीही येवो न येवो, ती खूण कळते.

अमेरिकेत ड्रॅग रेसिंगवाल्यांनी हाच प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवला. वजनासाठी बॅटरी डिकीत हलवली असेल तर स्विच गाडीच्या अगदी मागच्या बाजूला, बाहेरून हात पोचेल असा लागतो. 'ऑफ' कुठल्या बाजूला ते ठळक लिहिलेलं हवं.

आता गॅरेजवाल्या मित्रांसाठी थोडं कामाचं. बॅटरीच्या जाड वायरीत एक साधा स्विच टाकला की झालं, असं वाटतं. उभ्या गाडीत तेवढं चालतं. जुन्या हौशी गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, बॅटरी उतरू नये म्हणून अनेक जण टर्मिनलवरच फिरकीचा स्विच बसवतात. पण चालू गाडीत नुसती बॅटरी तोडली तर इंजिन थांबत नाही. अल्टरनेटर वीज बनवतच राहतो आणि इग्निशन त्याच्यावर चालतं. वर आणखी एक धोका. बॅटरी ही अल्टरनेटरच्या विजेची उशी असते. ती अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर १२ च्या कितीतरी पट उसळी घेतं. अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर, दोन्ही जळू शकतात.

म्हणून रेसिंगच्या लाल किल्लीच्या स्विचला दोन जाड टर्मिनलांखेरीज छोटे टर्मिनलही असतात. किल्ली फिरवली की एकाच वेळी तीन कामं होतात. बॅटरी तुटते, इग्निशन तुटतं, आणि अल्टरनेटरची उरलेली वीज एका रेझिस्टरमधून बॉडीत जिरते. तपासणीही सोपी. इंजिन चालू ठेवायचं, थोडी रेस द्यायची आणि किल्ली फिरवायची. इंजिन तिथल्या तिथे मेलं तर पास. काम करताना आधी निगेटिव्ह वायर काढायची, हे तर आपल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला पाठ असतं. पाना चुकून बॉडीला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही.

काळ पुढे गेला तशी वीज वाढली. जुलै २००८ मध्ये हेरेझला फॉर्म्युला वनच्या हायब्रिड यंत्रणेची चाचणी चालू होती, तेव्हा थांबलेल्या गाडीला हात लावताच एका मेकॅनिकला शॉक बसला. आता त्या गाड्यांवर दिवा असतो. हिरवा असेल तरच हात लावायचा. आजच्या इलेक्ट्रिक कारमध्ये तर धडक बसताच छोटासा स्फोट होऊन बॅटरीची लाइन आपोआप तोडणारा फ्यूज असतो. कल्पना तीच. आधी वीज तोडा, मग माणूस काढा.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या श्रीमंतांच्या खेळाचं आपल्याला काय? सांगतो.

८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकला बस पेटली, १२ माणसं गेली. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. या आगी विजेने लागल्या असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. अशा वेळी सगळ्यात आधी पोचतो तो शेजारच्या शेतातला माणूस, ढाब्यावरचा पोरगा, मागून येणारा ट्रकवाला. अग्निशमनची गाडी नंतर येते. त्या पहिल्या माणसाला बसची बॅटरी कुठे आहे, ती तोडायची कशी, दार बाहेरून उघडतं कसं, हे सांगणारी एखादी खूण आपल्या गाड्यांवर ठळक दिसते का?

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांना, स्कूल व्हॅनला, आपल्या पिकअपला आपण हौसेने जादा लाइटा, मोठे हॉर्न, साउंड सिस्टिम बसवतो. थेट बॅटरीवरून वायर ओढलेली, मध्ये फ्यूज नाही, वर चिकटपट्टी. फ्यूज स्वस्तात मिळतो. तो वायर वाचवतो, मेन स्विच माणूस वाचवतो. दोन्ही हवेत.

युरोपात तो त्रिकोण सक्तीचा व्हायला इतकी माणसं जावी लागली. तिथेही आधी आयोजक म्हणायचे, खर्च वाढतो, खेळाची मजा जाते. स्टुअर्टसारखी माणसं चिवटपणे बोलत राहिली म्हणून नियम झाला. आपल्याला तर नवा शोधही लावायचा नाही. आधीच लागलेला शोध फक्त वापरायचा आहे.

तर एक विनंती. लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी ठरवताना भाव करतो, एसी चालतो का विचारतो. त्याच वेळी ड्रायव्हरदादांना एवढं विचारा: 'दादा, बॅटरीचा मेन कुठंय, आणि मागचं दार बाहेरून उघडतं का?' चार जणांनी विचारलं तर मालक हसेल. चाळीस जणांनी विचारलं तर बसवून घेईल.