दरबार १७९०चा, रंग १८०५चे

लंडनच्या टेट संग्रहात पेशव्यांच्या दरबाराचं एक भलंमोठं तैलचित्र आहे. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांशी करार करतो आहे, असा त्याचा विषय. टिपूविरुद्धचा हा करार १ जून १७९० रोजी पुण्यात झाला. चित्राखाली नाव टॉमस डॅनियलचं आणि साल १८०५.

शंकेला जागा चित्राच्या नावापासूनच आहे. मॅलेटला ‘सर’ म्हटलंय, पण त्याला बॅरोनेटचा किताब मिळाला १७९१ साली. करार झाला त्या दिवशी तो नुसता मिस्टर मॅलेट होता. म्हणजे नाव मागाहून दिलेलं. मग चित्र तरी कधीचं?

चित्राची मूळ रेखाटनं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. हा गृहस्थ मुंबईत उतरला तोच १७९१ साली, आणि पुण्यात आला १७९२ मध्ये. तेव्हा करारावरची शाई वाळून दीड-दोन वर्षं लोटली होती. वेल्सने तो दरबार पाहिलेला नाही. त्याने माणसं समोर बसवून एकेक चेहरा टिपला आणि त्यांतून प्रसंग जुळवायला घेतला. सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४चा. करार केला सोळा वर्षांच्या पेशव्याने, वेल्सच्या पुढ्यात बसला तो अठराच्या घरातला. त्या वयात दोन वर्षांनी चेहरा किती पालटतो, हे घरातल्या कुठल्याही पोराकडे पाहून कळेल.

पुढे सगळंच विस्कटलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे शनिवारवाड्यात वरून कोसळून वारले, आणि पाठोपाठ नोव्हेंबरात वेल्सही गेला. चित्र अर्धवट राहिलं. मॅलेटने १७९८ साली हिंदुस्थान सोडला आणि पुढच्या वर्षी वेल्सची मुलगी सुसाना हिच्याशी लग्न केलं. सासऱ्याचं अपुरं काम त्याने डॅनियलच्या हाती सोपवलं. निवड सोयीची होती, कारण वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून खोदलेला संग्रह डॅनियलनेच १८०३ साली छापून काढला होता.

तेव्हा या चित्राची साक्ष घ्यायची ती तुकड्यातुकड्याने. माणसांची मांडणी हा सरळसरळ मॅलेटच्या मर्जीचा मामला. चित्र त्याच्यासाठी, विषयही तोच. प्रसंगाचा नायक तो ठरला यात नवल नाही. दालनाची गोष्ट वेगळी. चित्रात दिसतो तो शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल १८२८च्या आगीत गेला. आज नुसती जोती उरली आहेत. त्याचे कोरीव खांब रंगांत दाखवणारा एवढा ठळक ऐवज दुसरा नाही, म्हणून डॅनियलने पदरचं काही घातलं असेल हे गृहीत धरूनही तो वापरावाच लागतो.

आणि चेहरे? तिथे माझा कौल वेल्सच्या बाजूने. लंडनच्याच रॉयल एशियाटिक सोसायटीत पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांची वेल्सने रंगवलेली छबी आहे. तो किडकिडीत बांधा, लांबट उतरलेला चेहरा खुशामतीसाठी काढलेला वाटत नाही. दरबारातल्या नानांना ताडून पाहायचं तर याच छबीशी. आपल्या पुस्तकांत मात्र टेटमधलं चित्र ‘१७९०चा पेशवे दरबार’ एवढ्याच ओळीवर छापलं जातं. त्या ओळीत वेल्सचं नाव आणि १८०५ हे साल यायला हवं.