गाईची वार आणि गिधाडाचा वाटा

गावगाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बैलाबद्दल लिहिले, पोळ्याबद्दल लिहिले, गाईच्या पावित्र्याबद्दल तर पुष्कळच लिहिले. पण गाय माळावर व्याली तर काठी घेऊन तिच्याजवळ कोण उभे राहत होते, हे त्यांनी विचारले नाही.

कामठीजवळ कन्हानच्या काठी असलेल्या गावात माझा आजा मालगुजाराकडे सालदार होता. 1951 साली मालगुजारी गेली. सालदारी मात्र राहिली. विणारी गाय राखण्याचे काम त्याच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येई. नदीकाठच्या उंच झाडांवर गिधाडे बसलेली असत. गाय कळा देऊ लागली की ती खाली उतरत आणि थोडे अंतर राखून बसून राहत. आजा ढेकळे मारून त्यांना हुसकावी. वासरू उभे राहून आचळाला लागेपर्यंत आणि गाईची वार पडेपर्यंत त्याला जागचे हलता येत नसे. वार पडली की ती उचलून लांब नेऊन पुरायची, हेही त्याचेच काम.

आपल्याकडचे पांढऱ्या पाठीचे गिधाड शिकारी पक्षी नव्हे. त्याचे पंजे दुबळे असतात. अमेरिकेतील काळी गिधाडे नुकत्याच जन्मलेल्या वासरांवर हल्ला करतात, तशी त्याची ख्याती नाही. ते येई वारेसाठी आणि मेलेल्या वासरासाठी. पण अशक्त वासराच्या बाबतीत मालक धोका पत्करायला तयार नसे. आणि राखण करणारा माणूस त्याला स्वस्तात मिळत होता.

या कामाची वाटणी नीट पाहिली पाहिजे. जिवंत वासरू मालकाचे, चीक मालकाचा, दूध मालकाचे. मेलेले वासरू मात्र आजाने ओढून न्यायचे. म्हणजे सकाळी गिधाडाला हाकलणारा माणूस संध्याकाळी त्याच गिधाडाचा वाटेकरी ठरवला जाई, आणि मग त्याच वाट्यावरून त्याला अस्पृश्य म्हटले जाई! याला धर्म म्हणायचे की हिशेब?

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी, मेलेल्या ढोरांच्या चामड्या-हाडांची मिळकत सोडू नका असा उपदेश करणाऱ्यांचा समाचार घेतला. आमच्या भागात हे आवाहन पेलले गेले त्यामागे आर्थिक कारणेही होती. नागपूरला 1877 पासून एम्प्रेस मिल होती, कामठीला विडीचा धंदा होता. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित केले आणि 1937 साली ते विधिमंडळात निवडून गेले. माझी आजी विड्या वळत होती म्हणून आजाला ढोरे ओढायला नकार देता आला.

पण गावाला हा नकार कसा परवडला? माझ्या मते त्याचे मोठे श्रेय गिधाडांना आहे. आम्ही न ओढलेले ढोर त्यांनी फुकटात साफ केले. ती नसती तर गावाने आमच्यावर किती जबरदस्ती केली असती, याची कल्पना करवत नाही.

पुढे ती खरोखरच नाहीशी झाली. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे 2004 साली सिद्ध झाले. भारतात 2006 साली हे औषध जनावरांसाठी बंद करण्यात आले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरात एकसुद्धा उरली नव्हती. 2024 साली एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने 2000 ते 2005 या काळात गिधाडे नसल्यामुळे सुमारे 5 लाख माणसे जादा मेली असे अनुमान काढले. गिधाडाच्या श्रमाची किंमत अखेर झाली. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलितांना फटके मारण्यात आले. तेव्हा तेथील दलितांनी मेलेली ढोरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली. तेथे तर ती साफ करायला गिधाडेही नव्हती.

आता पेंच आणि ताडोबात पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे आणून सोडण्याचे काम सुरू झाले आहे. चांगली गोष्ट आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना मात्र गावोगाव म्हाताऱ्यांकडे पाठवतो. विणारी गाय कोण राखत होते, वार कोण उचलत होते, त्याबद्दल साली किती धान्य मिळत होते, एवढेच विचारून लिहून आणा असे सांगतो. सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.