पुस्तकांचा पूल बांधणारी माता

महायुद्धे संपतात तेव्हा विजयाच्या तारखा नोंदल्या जातात, तहांची कलमे जपून ठेवली जातात आणि उद्ध्वस्त नगरांची मोजदाद होते. पराभूत देशातील मुलांनी त्यानंतर काय वाचले, याची नोंद मात्र इतिहासकार सहसा करीत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत या प्रश्नाला आपल्या आयुष्याचे कार्य मानणारी एक स्त्री होऊन गेली. येला लेपमान हे तिचे नाव.

येलाबाईंचा जन्म 1891 साली स्टुटगार्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी त्यांनी तेथील एका कारखान्यात काम करणाऱ्या परदेशी मजुरांच्या मुलांसाठी लहानसे वाचनालय उघडले. निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले एका छपराखाली बसून वाचू शकतात, हा धडा त्यांना तेथे मिळाला. पुढे विवाह झाला, एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली. परंतु 1922 साली पतीचे निधन झाले. एकतिसाव्या वर्षी वैधव्य आले आणि दोन्ही लेकरांचा भार एकटीवर पडला. येलाबाईंनी लेखणी हाती घेतली. स्टुटगार्टच्या एका प्रमुख दैनिकात त्या संपादकवर्गात दाखल झाल्या, स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहू लागल्या, मुलांसाठीही त्यांनी लेखन केले. संसाराचा गाडा असा कष्टाने रुळावर आला.

1933 साली हिटलरच्या हाती सत्ता गेली आणि तो गाडा उलथला. त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनच्या चौकात ग्रंथांची होळी पेटली. 'एमिल आणि गुप्तहेर' या बालकादंबरीचे कर्ते एरिख केस्टनर यांनी आपली पुस्तके जळताना गर्दीत उभे राहून पाहिली. ज्यू असल्यामुळे येलाबाईंचेही पद गेले. अखेर 1936 साली त्यांनी मुलांसह मायदेश सोडला व इटलीमार्गे इंग्लंड गाठले. तेथे युद्धकाळात त्यांनी ब्रिटिश आणि अमेरिकन नभोवाणीसाठी काम केले.

1945 च्या शरद ऋतूत अमेरिकन सैन्याने त्यांना जर्मनीत बोलावले, ते स्त्रिया व मुले यांच्या गरजांविषयी सल्लागार म्हणून. ज्या देशाने आपल्याला व आपल्या लेकरांना परागंदा केले, ज्याच्या राजवटीने आपल्या लाखो धर्मबांधवांचा संहार केला, त्याच देशाच्या मुलांसाठी आता झटायचे होते. त्यांचे मन द्विधा झाले. तरीही त्या गेल्या. गावोगावच्या ढिगाऱ्यांत हिंडणारी, भुकेली, अनाथ पोरे त्यांनी पाहिली. अन्नवस्त्राची निकड उघडच होती. परंतु बारा वर्षे द्वेषाच्या पाठांवर वाढलेल्या या पिढीच्या मनालाही अन्न हवे, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. जगभरची उत्तम बालपुस्तके मागवून त्यांचे प्रदर्शन भरवावे, अशी त्यांची योजना होती. सैन्यापाशी त्यासाठी पैसा नव्हता. म्हणून येलाबाईंनी वीस देशांना पत्रे धाडली. या युद्धाचा दोष जर्मन मुलांच्या माथी नाही, तेव्हा शांततेचे पहिले दूत म्हणून तुमची पुस्तके त्यांच्याकडे येऊ द्या, असा त्या पत्रांचा आशय होता.

बहुतेक देशांनी होकार दिला. बेल्जियमने मात्र नकार कळविला. जर्मन फौजांनी आमच्यावर दोनदा आक्रमण केले आहे, असे त्या देशाचे उत्तर होते. ते उत्तर खोटे नव्हते आणि अन्यायाचेही नव्हते. 1914 आणि 1940 अशा दोन्ही वेळा बेल्जियम जर्मन टाचेखाली भरडला गेला होता. येलाबाईंनी त्या दुःखाशी वाद घातला नाही. त्यांनी पुन्हा पत्र लिहिले : तिसरे आक्रमण होऊ नये असे वाटत असेल, तर या मुलांना नवी सुरुवात करण्याची संधी तुम्हीच सर्वांआधी दिली पाहिजे. बेल्जियमने आपला निर्णय फिरविला आणि पुस्तकांचा अतिशय सुंदर संच पाठविला.

3 जुलै 1946 रोजी म्युनिकमध्ये प्रदर्शन उघडले. चौदा देशांची सुमारे चार हजार पुस्तके तेथे मांडली होती. नाझी राजवटीने आपल्या कलेचा डौल मिरविण्यासाठी 1937 साली ज्या कलाभवनाचे उद्घाटन केले होते, तीच ही वास्तू. पुढे हे प्रदर्शन स्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट आणि बर्लिन येथे गेले. मुलांना ती पुस्तके घरी नेण्याची मुभा नव्हती. तेव्हा मन्रो लीफ यांची, झुंजीपेक्षा फुलांचा सुगंध प्रिय मानणाऱ्या फर्डिनंड या बैलाची गोष्ट येलाबाईंनी स्वतः जर्मनमध्ये उतरविली. वृत्तपत्राच्या साध्या कागदावर तिच्या तीस हजार प्रती छापून त्या बर्लिनच्या मुलांना वाटण्यात आल्या.

प्रदर्शन संपले की पुस्तके पेटाऱ्यांत जाणार, हे त्यांना मान्य नव्हते. रॉकफेलर प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य त्यांनी मिळविले. एलिनॉर रूझवेल्ट यांनी पाठिंबा दिला. 14 सप्टेंबर 1949 रोजी म्युनिकमधील एका बंगल्यात आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय सुरू झाले. ग्रंथपालनाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या येलाबाई त्याच्या पहिल्या संचालिका झाल्या. कपाटांना कुलपे नव्हती. मुले हवे ते पुस्तक स्वतः काढून घेत. तेथे चित्रशाळा होती, परभाषांचे वर्ग भरत, पुस्तकांवर मुलांच्या चर्चा रंगत. केस्टनर या कार्यात त्यांचे स्नेही व सहायक होते. त्यांच्या 'प्राण्यांची परिषद' या पुस्तकाची मूळ कल्पना येलाबाईंचीच.

1953 साली झुरिक येथे त्यांच्या पुढाकाराने बालपुस्तकांसाठी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाचे हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक 1956 साली प्रथम दिले गेले. 1957 साली त्यांनी ग्रंथालयाचा निरोप घेतला आणि 1970 साली झुरिक येथे त्यांचे निधन झाले. अँडरसनचा जन्मदिवस, 2 एप्रिल, हा 1967 पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे ग्रंथालय 1983 साली म्युनिकच्या ब्लुटेनबुर्ग या जुन्या गढीत गेले. आज तेथे सहा लाखांहून अधिक पुस्तके आहेत.

येलाबाईंनी जर्मनीला क्षमा केली की नाही, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. मोठ्यांच्या अपराधाचा हिशेब न्यायालयांनी करावयाचा होता आणि त्यातील एका पैचीही सूट त्यांनी कोणासाठी मागितली नाही. त्यांनी मागितली ती पुस्तके, आणि तीही लहानग्यांसाठी. आपल्या पोटच्या दोन मुलांना द्वेषाच्या वणव्यातून बाहेर काढणाऱ्या त्या मातेने, वणवा विझल्यावर परत येऊन, त्याच राखेत उरलेल्या दुसऱ्यांच्या मुलांचा हात धरला.